आईच्या इच्छेविरुद्ध

पाळण्याची कडी कुरकुरली, तेव्हा कुठे क्षमाच्या ध्यानात आलं की बाबलीकाकांचं वाचून संपलंय आणि सोप्यावरचे सगळे तिच्याकडेच बघतायत.

बाबलीकाका तिचे चुलतसासरे, देवळाच्या कमिटीतले. सोबत वाड्यावरचे दोघे. नवरा, गुरुदास, खांबाला टेकून उभा होता. तुयेला फॅक्टरीत त्याची आज दुपारची पाळी. हातातल्या पेनाचं टोपण तो काढत होता, लावत होता. सहा वर्षांची तेजस्विनी उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होती. तिला उठवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

कागद टाइप केलेला होता. वर बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या यशोदाचं नाव, तिच्या खालच्या वाड्याचं नाव. तिच्या घरी दर रविवारी पत्र्याखाली प्रार्थना चालते, हे. आणि मग ते वाक्य. ‘सदर महिलेने माझ्या दोन महिन्यांच्या मुलाच्या कपाळावर, आईच्या इच्छेविरुद्ध, हात ठेवून परधर्माची प्रार्थना केली.’ खाली क्षमाच्या सहीपुरती जागा मोकळी.

“देवळाची पायरी चढूक दिली नाय म्हणून तिकडे गेलीं, म्हणतत,” दोघांतला गौरेश हसत म्हणाला. “पायरी काय काल बांधली?”

बाकीचेही हसले. क्षमाही ओठांतल्या ओठांत हसली, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

चूक तिचीच होती. बाळाचा, साईशचा, ताप उतरला त्या सकाळी, आनंदाच्या भरात, ती विहिरीवर जावेला सांगून बसली होती, की यशोदानं नुसता हात ठेवला गो, आणि पोर घामाघूम होऊन निजलं. तिनं कौतुकानं सांगितलं होतं. आठ दिवसांत कौतुकाचा हा कागद झाला.

ताप आला त्या तिन्हीसांजेला गुरुदास कामावर होता. डॉक्टरांचं औषध पोटात गेलं होतं, तरी पोर तव्यासारखं तापलेलं. क्षमानंच तेजूला पिटाळलं होतं खालच्या वाड्यावर. आणि यशोदा आल्यावर पदर पसरावा तशी म्हणाली होती, तुझ्या देवाला सांग, कुणालाही सांग, पण ह्याला बरं कर.

“इच्छेविरुद्ध म्हणजे...” तिनं तोंड उघडलं.

बाबलीकाका रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं त्यांनी समजावलं, की वकिलानंच तसं घालायला सांगितलंय, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. नाव तिचं असलं तरी मागे सगळा वाडा आहे.

गुरुदासनं पेन पुढे केलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, “कर गे सय. आमका ह्याच वाड्यार ऱ्हावचा आसा.”

तिनं सही केली. आडनावासकट, शाळेत काढायची तशी वळणदार.

मग साईशला पाळण्यातून उचलून ती आत गेली, आणि मागच्या दारात थबकली.

यशोदा आली होती. पुढच्या दारी बाबलीकाकांची स्कूटर बघून परड्यातल्या वाटेनं आली असावी. एरवीही तिची वाट मागचीच. तिच्या आईनं गुरुदासला न्हाऊ घातलं होतं, तेही ह्याच न्हाणीत, ह्याच दारानं येऊन. तिचा चहाचा कप मागच्या खिडकीत वेगळा असायचा. तेव्हाही आणि आताही. चुलीवरचं पाणी तिनं उतरवून ठेवलं होतं. तेलाची वाटी कोमट करून बाजूला घेतली होती. साडी गुडघ्यांपर्यंत खोचून, पाटावर बसून, दोन्ही पाय लांब पसरून ती बाळाची वाट बघत होती.

“वैनी, पाणी निवता. हाडा राजाक.”

“आज नको,” क्षमा म्हणाली. आणि कारण हवं म्हणून खोटंच बोलली, “आंग जरा गरम लागता.”

यशोदाचा चेहरा उतरला. बसल्या जागेवरून तिचा हात वर आला, बाळाच्या कपाळाकडे, आणि मध्येच थांबला.

“हात लावू?” तिनं विचारलं. “तुमी म्हणल्यात तरच हां, वैनी. लोक कायबाय बोलतत.”

क्षमानं साईशला ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“नको.”

यशोदानं एकेक करून पाय जवळ घेतले. उठली. तेलाच्या वाटीवर ताटली झाकली, पाट धुऊन उभा केला. चहा न घेताच कप खिडकीत पालथा घातला. मग, उद्या बरं वाटलं तर येते, म्हणून परड्यातल्या माडांमधून निघून गेली.

पुढे स्कूटर सुरू झाली. साईश तिच्या खांद्यावर गार, गुबगुबीत, दुधाच्या वासाचा झोपला होता.

तेजू केव्हा मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिनं आईच्या पदराचं टोक ओढलं.

“आई, त्या दिसा मावशीक बोलावूक मीच धावत गेलंय ना? तां लिवलंस कागदार?”