भिंतीवरच्या आईचे डोळे
धाकट्या बहिणीच्या, ग्लेनिसच्या बेकरीच्या भिंतीवर वारलेल्या आईचं दोन मजले उंच चित्र साकारत होतं आणि समोरच्या स्वतःच्या केकच्या दुकानात डोरीनच्या अंगाचा तिळपापड होत होता. आईचे लॅमिंग्टन केक अख्ख्या बेनाला गावात फक्त डोरीनला जमायचे. चित्रातला निळा एप्रन तर आता डोरीनच्याच कमरेला होता. तरी आई त्या ग्लेनिसच्या दुकानाची ओळख! डोरीनची नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा तिकडे खुर्च्या टाकून भिंत बघत बसलेली. शेवटासाठी राखलेले डोळे रंगवायला चित्रकार शिडी चढला, तशी डोरीन तरातरा रस्ता ओलांडून गेली. "साधा केक फुगत नाही तुझा, आणि आईला जाहिरातीला उभं केलंस? लाज नाही वाटत तुला?" वरून चित्रकाराने विचारलं, "मालकीणबाई, नजर कुठे ठेवू? तुमच्या दाराकडे?" "नको." ग्लेनिसने रस्त्यापलीकडच्या डोरीनच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "तिकडे ठेव. आयुष्यभर तिकडेच होती."