योजनेच्या दहा खाटा

डॉक्टर हुपरीकरांच्या हृदयरोग इस्पितळात सरकारी योजनेच्या दहा खाटा होत्या. सरकार पैसे कमी देई, तेही वर्षभराने. म्हणून डॉक्टर गरिबांना "खाटा भरल्यात" सांगून परत पाठवत.

एके सकाळी फोन आला, तपासणी अधिकारी निघाल्यात. डॉक्टरांनी घाईघाईने कर्मचाऱ्यांनाच त्या रिकाम्या खाटांवर झोपवलं. फरशी पुसणाऱ्या आक्काताईंनाही. "नुसतं कण्हायचं," त्यांनी बजावलं.

अधिकारी स्वतः डॉक्टर होत्या. आक्काताईंच्या छातीला स्टेथोस्कोप लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"यांच्या हृदयाची झडप खरंच खराब आहे. उद्याच ऑपरेशन करा, योजनेतून."

हुपरीकरांचा चेहरा उतरला. आक्काताईंनी मात्र हात जोडले. "दोन वर्सं सांगत हुते सायबास्नी, धाप लागतीया म्हणून. आज बघा, मानानं खाट दिली त्यांनी!"