नवाकोरा पोपट

दूध उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं, तरी चैत्रा लॅपटॉपसमोरून उठली नाही. ऑफिससाठी पायथॉनची नवी कंटेनर इमेज बांधताना लॅपटॉपवर जागा कमी पडली, म्हणून तिने बंद असलेले जुने कंटेनर, म्हणजे प्रोग्राम आणि त्यांनी साठवलेलं सगळं ठेवणारे डबे, सरसकट पुसले होते. त्यातच लेकीच्या, सिंचनाच्या, लॅपटॉपवरच्या खेळातला पोपट गेला, तिने वर्षभर बोलायला शिकवलेला. इमेजवरून, म्हणजे मूळ साच्यावरून, तो पुन्हा उभा राहिला, पण नवाकोरा, शिकवलेलं काहीच न आठवणारा.

“अम्मा, हा माझं नाव विचारतोय. मी टोमॅटो सांगितलं, तर म्हणे छान नाव आहे.”

“माझ्या हातून पुसलं गेलं गं, पुट्टी. शोधतेय ना.” परत मिळणार नाही हे ठाऊक असूनही ती शोधतच राहिली.

सिंचनाने आतल्या खोलीकडे पाहिलं.

“अज्जीपण रोज माझं नाव विचारते. तिचं कुणी पुसलं?”