लोकरीचा साबण

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने नाकातला दुसरा बोळा ओढून काढला तेव्हा मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती रडत नव्हती. बोळा निघाला की पाणी येतंच. तिने ओठ मिटून नाकाने श्वास घेतला, पुन्हा एकदा घेऊन पाहिला आणि बापाकडे बघून हसली.

"आत गार लागतंय," ती म्हणाली.

"वास यायला वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, मग फवारा मारायचा. घरात धूळ नको. आणि बाबांच्या लाँड्रीत इतक्यात फिरकायचं नाही. वाफ नको, औषधं नकोत."

"घर धुऊन काढलंय," बाप म्हणाला. "पडदे, गाद्यांच्या खोळी, झाडून सगळं." त्याच्या आवाजात जरा ऐट होती.

जिन्यात मुलीने त्याचा दंड धरला. "बाबा, मी एक ठरवलंय. वास यायला लागला की पहिला आईच्या स्वेटरचा घ्यायचा. दारामागच्या. तोवर त्याला हातसुद्धा लावणार नाही."

बापाची पायरी चुकली.

"सांभाळून," ती म्हणाली. "ऑपरेशन माझं झालंय."

ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. सायनसचा त्रास प्राथमिक शाळा सुटली तेव्हापासूनचा. सकाळी डोकं शिशासारखं जड, गालांची हाडं ठणकत, नाक एक तर बंद नाही तर वाहतं. वर्गात तिला 'नळ' म्हणत. ती स्वतःच हात वर करून सांगायची, "बाई, नळ आलाय, जाऊ का?" वास नेमका कधी गेला ते तिलाही कळलं नाही. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि ती ओट्याला पाठ लावून गणितं सोडवत बसली होती. तेव्हा कळलं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मावशी आली ती दारामागचा स्वेटर तोंडाशी धरून रडली. "अजून तिचाच वास येतो गं याला." मावशी गेल्यावर मुलीनेही स्वेटर नाकाशी धरला. लोकर टोचली. बाकी काही नाही. आईला कसला वास यायचा, हे तिला आठवतही नव्हतं. तिने बापाला विचारलं. बराच विचार करून तो म्हणाला, "आईसारखा." ऑपरेशनला ती कित्येक महिने नाही म्हणत होती, आणि मग एका सकाळी एकदम हो म्हणाली. का, ते बापाला आत्ता जिन्यात कळलं.

घरातल्या बाकीच्या लोकरीच्या कपड्यांबरोबर स्वेटरही त्याने ती दवाखान्यात असतानाच धुतला होता. कामगाराकडे दिला नाही, स्वतः धुतला. कोमट पाणी, लाँड्रीतला लोकरीचा साबण, पिळायचं नाही, सावलीत सपाट वाळवायचं. गळ्यापाशी तेलकट पट्टा होता, तो निघाला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. यंदाच्या थंडीत पोर हा स्वेटर घालेल आणि शिंकणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कपड्याला माणसाचा वास राहिला तर गिऱ्हाईक कपडा परत आणतं. तो वास काढायचा असतो, ठेवायचा नसतो. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी ती बेसिनवर वाकायची. एका नाकपुडीत पाणी घालायचं, दुसरीतून यायचं. बाप पाठीमागे टॉवेल घेऊन उभा राहायचा. 'बाळा, तो स्वेटर मी धुतलाय.' वाक्य तयार होतं. ती वर बघायची, लाल नाकाने विचारायची, "काय?" तो टॉवेल पुढे करायचा.

मग एका सकाळी ती आतल्या खोलीतून ओरडत आली. "बाबा, काहीतरी जळतंय."

दूधच होतं. तिने पातेल्यावर वाकून दोनदा हुंगलं. "शी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. बाप चिमट्यात पातेलं धरून तसाच उभा राहिला. ती दारामागे गेली होती.

तिने स्वेटर खुंटीवरून काढला आणि त्यात तोंड खुपसलं. बापाने पातेलं खाली ठेवलं. आता सांगायला हवं होतं.

"बाबा," ती स्वेटरमधूनच म्हणाली. "असा होता? थोडा फुलासारखा. आणि थोडा... पावडरसारखा, थंड." तिने मान वर केली. या वेळी मात्र ती रडत होती. "मला उगाच वाटायचं, वास आला तरी मला ओळखता येणार नाही. हाच ना?"

बापाला केसांचं तेल आठवलं, फोडणी आठवली, तापातल्या अंगाचा कढत, आंबूस वास आठवला.

"हाच," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने घरातले बाकीचे लोकरीचे कपडे दुसऱ्या साबणात पुन्हा धुतले. साबणवाला नेहमीसारखा लोकरीच्या साबणाचा कॅन घेऊन दुकानात आला, तेव्हा बापाने त्याला दारातच थांबवलं.

"हा बंद. लोकरीसाठी दुसरा कुठलाही द्या. याची एक लहान बाटली तेवढी घरच्यासाठी देत जा."

"का हो? गिऱ्हाइकाची तक्रार आली की काय?"

"नाही. साबण चांगला आहे." त्याने कॅन उचलून परत गाडीत ठेवला. "दुसऱ्या कुणाच्या कपड्याला हा वास यायला नको."