चारचा अलार्म

चार वाजून वीस मिनिटांनी मोबाईल किंचाळला. वल्लरीने पेपरांच्या गठ्ठ्यातून डोकं वर काढलं. दोनशे चौसष्ट.

वारणानगरच्या कॉलेजातला तिचा शेवटचा तास नुकताच संपला होता. आईच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला. तिकडे कोल्हापुरात, शिवाजी पेठेत आईची साखर चढली की इकडे लेकीचा मोबाईल वाजायचा. रोज वाजायचा, तोही नेमका चहाच्या वेळेला.

आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"काय खाल्लंस?"

"गुळाचा खडा. एवढासाच की."

"आई, किडन्या दमल्यात म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना? असंच चाललं तर डायलिसिस लागेल."

"व्हय गं. कळतंय मला." आईच्या आवाजात राग नव्हता. "तू जेवलीस का? घसा बसलाय तुझा."

"ते राहू दे. गूळ टाकून दे आधी. ठेवते."

फोन ठेवला आणि वल्लरीला रडूच आलं. बाबा याच दुखण्याने गेले होते, तरी म्हातारीला जिभेपुढे काही दिसत नव्हतं. महिन्यातून एखाद्या रविवारी वल्लरी पेठेत जाई. तेवढा दिवस मात्र साखर शहाण्यासारखी वागे. म्हणजे धाक असला की जमत होतं.

या रविवारी तिने येताक्षणीच फडताळ उपसलं. तांदळाच्या डब्यात गुळाची ढेप निघाली. आई खाली मान घालून बसून राहिली.

ढेप उचलून वल्लरी तशीच शेजारच्या खतिजाचाचींच्या दारात गेली. आईचं वाणसामान त्याच आणत.

"चाची, हा गूळ तुम्हीच आणून देता ना? मारायचंय का तिला?"

चाचींनी ढेपेकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तुझी आई हात जोडती पोरी. न्हाई कसं म्हणू?"

"एवढी जीभ सुटलीय तिची?"

"जीभ?" चाचींनी पदराने डोळे टिपले. "गोडाचा वास सोसत न्हाई तिला. लगीन होऊन आली तवापासनं चहासुद्धा बिनसाखरेचा. तुझा तास सुटायच्या आधी नाक दाबून खडा गिळती, आन मोबाईल मांडीवर घेऊन बसती."