ग्रॅहम काकांची सोबत

कारखान्यात नवऱ्याच्या पाठीला मार बसला, तेव्हापासून टोंगा बेटांवरून आलेली लुसेआने ऑकलंडच्या सरकारी मदत कार्यालयात खेटे घालत होती. टेबलामागची बाई दर वेळी मान वर न करताच म्हणायची, "हे कागद चालत नाहीत. नंतर ये."

"अगं वहिनी, एकटी काय जातेस!" नणंद वैतागली. "आपले सगळे टोंगावाले नेतात, तसं शेजारच्या ग्रॅहम काकांना घेऊन जा. गोरा माणूस नुसता बाजूला बसला तरी पुरतं."

त्या दिवशी बाईने स्वतः उठून काकांना खुर्ची दिली. "सर, यांच्या नवऱ्याला कधीपासून काम जमत नाही?" उत्तर लुसेआनेने दिलं, पण बाई बघत राहिली काकांकडेच. काका हसून मान डोलवत होते. कागद तेच होते. आज मात्र चालले.

"बरं झालं सर, तुम्ही आलात," सही करता करता बाई म्हणाली. "तुमच्यामुळे निदान प्रकरण नीट समजलं तरी."



रस्त्यावर आल्यावर काकांनी मोठ्याने विचारलं, "काय म्हणत होती गं ती? घाईत माझं कानाचं मशीन घरीच राहिलं."