विषयाच्या बाजूने

माइकसमोर उभं राहिल्यावर ज्ञानेश पगारांना पहिल्या रांगेतली म्हातारी दिसली आणि पाठ केलेलं पहिलंच वाक्य सोडून त्यांनी हातातला भाषणाचा कागद उघडला.

पांढरे केस, करडे कपडे, मांडीवर ठेवलेले हात. उजव्या गालापासून मानेपर्यंत कातडी आक्रसलेली. शेजारी आयत शेख बसली होती. ही मुलगी सातपूरच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांना जपानी शिकवायची. ती म्हातारीच्या कानाशी हळूहळू भाषांतर करत होती. पाहुण्या होत्या किमिको मोरिता, वय शहाऐंशी, राहणार हिरोशिमा. त्या येणार आहेत हे ज्ञानेशना कुणी सांगितलंच नव्हतं.

सहा ऑगस्टचा दिवस. नाशिकच्या एका कॉलेजात परिसंवाद ठेवला होता: युद्ध थांबवण्यासाठी अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का? ज्ञानेश विषयाच्या बाजूने बोलणार होते. निवृत्त फिटर, भाषणाची सवय नाही. पण हा विषय त्यांच्या घरातलाच होता. वडील भिमाजी, कळवणकडचे, इंग्रजांच्या फौजेत शिपाई. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले. साडेतीन वर्षं कुठल्याशा बेटावरच्या छावणीत काढली. पाला उकडून खाल्ला, सोबती पुरले. अमेरिकन फौजा उतरल्या तर कैद्यांना आधी संपवायचं, अशी कुजबुज होती. मग बॉम्ब पडले, युद्ध थांबलं, आणि भिमाजी नुसती हाडं घेऊन घरी आले. "आनखी पंधरा दिस लागते, तर म्या काय वाचत नव्हतो," असं ते मरेपर्यंत सांगत. घरात त्या बॉम्बचं नाव कुलदैवताइतक्या आदरानं निघायचं.

बरं वाटत नाही असं सांगून खाली बसावं, असं ज्ञानेशना वाटलं. पण मग वडील खोटे पडले असते. त्यांनी सगळं सांगितलं, एकदाही म्हातारीकडे न बघता. शेवटी मात्र मान वर केली.

"तो बॉम्ब पडला नसता तर मी जन्मलोच नसतो. माफ करा मावशी, पण माझ्यापुरतं खरं तेच आहे."

किमिकोबाईंनी हात वर केला.

"तुमचे वडील पुढे किती जगले?" आयतनं त्यांचा प्रश्न मराठीत विचारला.

"एक्याण्णव वर्षांचे होऊन गेले."

"मुलं?"

"पाच. मी शेंडेफळ."

"आणि आता घरात किती जण?"

ज्ञानेशनी बोटांवर मोजलं. एकदा चुकले, पुन्हा मोजलं. "एकतीस. धाकटी पणती चार महिन्यांची आहे."

म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मग त्या बराच वेळ बोलल्या. आयतनं एकेक वाक्य मराठीत सांगितलं.

"त्या म्हणतात, माझी आई आणि तीन भाऊ त्या सकाळी गेले. त्यांनी आयुष्य दिलं नाही, ते त्यांच्याकडून हिसकावून घेतलं. ते योग्य होतं असं मी कधीही म्हणणार नाही. पण ऐंशी वर्षं मला वाटत होतं, सगळ्याची नुसती राख झाली. कुणाचा तरी मुलगा घरी पोचला, त्याच्या घरात एकतीस माणसं झाली, हे मला आज कळलं. फार बरं वाटलं. सांगितलंत, उपकार झाले."

एवढं बोलून त्या उठल्या आणि ज्ञानेशपुढे कमरेत वाकल्या.

ज्ञानेश लगबगीनं मंचावरून खाली आले. कुठली बाजू मांडायला उभे राहिलो होतो, हेही त्यांना आठवेना.

"मावशी, वाकू नका हो," ते म्हणाले. "त्या चौघांची नावं मला द्याल? आमच्या घरी राहतील."

आयतनं भाषणाच्या कागदामागे ती वयांसह देवनागरीत लिहून दिली. उच्चार बरोबर म्हणून किमिकोबाईंनी मान डोलावेपर्यंत ज्ञानेश ती नावं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

सर्वपित्री अमावस्येला ते रामकुंडावर बसले. भिमाजींच्या नावानं पाणी सोडून झालं. मग त्यांनी ती चार नावं सांगितली.

गुरुजी थबकले. "ही कुठली माणसं?"

"जपानची. एक आई आणि तिची मुलं. अकरा, नऊ आणि तीन वर्षांची."

"अहो, तुम्ही त्रेसष्टचे. तीन वर्षांच्या पोराला पितर कसं म्हणायचं? नातं काय सांगू?"

ओंजळीतलं पाणी गळू नये म्हणून ज्ञानेशनी बोटं घट्ट मिटली.

"वडीलधारा म्हणा, गुरुजी. आमचं अख्खं घर त्याच्यामागून आलंय."